शूशिन कोयो: 'आजन्म' म्हणवणारी नोकरी साठाव्या वर्षी कशी काय संपते?

अनुवादवेडी
जपानी कंपन्यांचे कागद मराठीत आणताना एका ठिकाणी वाचणारा हमखास अडखळतो. जपानवरच्या प्रत्येक लेखात 'शूशिन कोयो' असतं. शूशिन म्हणजे आयुष्याच्या अखेरपर्यंत, कोयो म्हणजे नोकरीला ठेवणं. आणि कंपनीच्या नियमावलीत असतं 'तेइनेन', म्हणजे ठरलेलं वय. ते झालं की नोकरी आपोआप संपते. बहुतेक ठिकाणी हे वय ६०. मग आजन्म कसलं? शिवाय साठीनंतरही तोच माणूस त्याच टेबलाशी बसलेला दिसतो, तो कोणत्या नात्याने?
मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. ही हमी कुठे लिहिलेली असते? तेइनेनच्या दिवशी नेमकं काय घडतं? आणि 'शूशिन कोयो'ला मराठीत काय म्हणावं? पुण्यात जपानी शिकणारे एवढे आहेत, शेवटच्या प्रश्नाला तरी उत्तरं येतीलच.

कलमवाला
पहिल्याचं उत्तर: कुठेच नाही. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या प्रत्येक आस्थापनेला नियमावली करून कामगार निरीक्षण कार्यालयात द्यावी लागते. ती चाळून बघा. तेइनेन सापडेल, शूशिन कोयो सापडणार नाही. करार असतो तो 'मुदत न घातलेला', बस. मुदत नाही म्हणजे मालक काढू शकतो असं कोणीही म्हणेल, आणि दिवाणी कायद्याचा मूळ अर्थही तोच होता. पण न्यायालयांनी तो दरवाजा जवळजवळ बंद केला. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सबळ कारण नसलेली आणि समाजाच्या दृष्टीने रास्त न ठरणारी बडतर्फी हा हक्काचा गैरवापर, म्हणून ती रद्द. २००३ मध्ये हे तत्त्व कायद्यात आलं आणि २००८ पासून ते कामगार करार कायद्याचं कलम १६ आहे.
किती कडक, तर १९७७ चा कोची रेडिओचा निकाल बघा. निवेदकाला दोन आठवड्यांत दोनदा झोप लागली, सकाळच्या बातम्या चुकल्या. कंपनीने काढलं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, चूक आहे, पण नोकरीवरून काढण्याएवढी नाही.

चहाटळ
म्हणजे गजर बंद करून झोपणाऱ्यांचा कैवारी निघाला की हा निकाल! आमच्या घरात तो फ्रेम करून लावला जाईल.

दगडी पूल
कलमवाला, कायद्याचं ठीक आहे. पण माझ्या मते मुळाशी संस्कृती आहे. सामुराई आणि त्यांचा धनी, निष्ठा, कन्फ्यूशियस. कंपनी म्हणजे घर. कायदा नंतर आला.

रानजाई
दगडी पूल, इथे पूर्ण असहमत. हा समज इतका पसरलाय की सविस्तर लिहिते.
विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानी कारखान्यांतले कुशल कामगार सारखे मालक बदलत. चार पैसे जास्त मिळाले की निघाले. निष्ठेची परंपरा रक्तात असती तर मालकांना त्यांना बांधून ठेवण्यासाठी एवढा आटापिटा करावा लागला नसता. पहिल्या महायुद्धानंतर मोठ्या कारखान्यांनी वर्षागणिक पगारवाढ, बोनस, निवृत्तीची रक्कम अशी आमिषं सुरू केली ती याच साठी, आणि तीही थोड्याच कामगारांना.
आज आपण बघतो तो प्रकार दुसऱ्या महायुद्धानंतरच्या भांडणांतून घडला. १९५० मध्ये टोयोटा बुडायच्या बेतात होती. नोकरकपातीवरून संप झाला, दीड हजारांहून अधिक लोक गेले आणि संस्थापक किइचिरो टोयोदा यांनी अध्यक्षपद सोडलं. १९५३ मध्ये निस्सानमध्ये मोठा संघर्ष झाला. मग मिइके कोळसा खाण: १९५९ च्या अखेरीस बाराशेहून अधिक कामगारांना नावानिशी काढलं आणि १९६० मध्ये महिनोन्‌महिने झगडा चालला. कामगार हरले, पण मालकांनाही कळून चुकलं की नावं घेऊन माणसं काढणं परवडत नाही. तिथून पुढचा सौदा असा: कंपनी काढणार नाही आणि संघटना बदल्या, नवी यंत्रं, कामातले फेरफार अडवणार नाही. संघटनाही कंपनीपुरती असते, सगळ्या उद्योगाची नसते.
'आयुष्यभराची बांधिलकी' हे नाव तर बाहेरून आलं. जेम्स अबेग्लेन या अमेरिकन अभ्यासकाने जपानी कारखान्यांवर १९५८ मध्ये लिहिलं, त्याच्या शब्दावरून शूशिन कोयो रूढ झालं.

दगडी पूल
हे अबेग्लेनचं माहीत नव्हतं. सामुराई मागे घेतो. पण 'कंपनी म्हणजे घर' ही भाषा मालकांनी जाणूनबुजून वापरली, एवढं मान्य कराल?

रानजाई
ते शंभर टक्के मान्य.

कलमवाला
रानजाईताईंनी सौदा म्हटलं, त्याची दुसरी बाजू तेवढीच महत्त्वाची आहे. काढता येत नाही म्हणून हलवता येतं. 'तेनकिन' म्हणजे गावाबाहेरची बदली. १९८६ च्या तोआ पेंट खटल्यात कोबेच्या विक्री कर्मचाऱ्याने घरच्या कारणाने आधी हिरोशिमा आणि मग नागोयाची बदली नाकारली. कंपनीने काढलं आणि सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं. म्हणजे दोनदा झोपलात तर नोकरी शाबूत, बदली नाकारलीत तर गेली! 'तान्शिन फुनिन' हा शब्द इथलाच: मुलांची शाळा, आईवडिलांची देखभाल यासाठी घर एका गावात आणि नोकरदार एकटाच दुसऱ्या गावात.
आता थोडं सैल झालंय. एप्रिल २०२४ पासून नोकरी देताना जागा आणि काम पुढे कुठवर बदलू शकतं ते लेखी द्यावं लागतं. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ठरावीक कामासाठीच घेतलेल्या माणसाला त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्या कामावर पाठवता येत नाही.
आणि मंदीतली नोकरकपात? तिला चार कसोट्या आहेत, १९७९ च्या तोक्यो उच्च न्यायालयाच्या निकालापासून रुळलेल्या. खरोखर गरज आहे का, ती टाळायला सगळे उपाय केले का (जादा काम बंद, नवी भरती बंद, 'शुक्को' म्हणजे दुसऱ्या कंपनीत उसनवारीवर पाठवणं, स्वेच्छानिवृत्ती), निवड न्याय्य आहे का आणि संघटनेशी नीट बोललात का. यातली दुसरी कसोटी कंपन्यांना सर्वांत जास्त नडते. नवी भरती चालू ठेवून जुन्यांना काढलंत की खटला हरलात म्हणून समजा.

उंबरठा
यातूनच 'मादोगिवा-झोकु', खिडकीकाठची जमात. काढता येत नाही, काम द्यायचं नाही, खिडकीपाशी टेबल द्यायचं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीचा शब्द. मग 'काता-ताताकी': साहेब हळूच खांद्यावर थाप मारतो, आता विचार करा म्हणतो. जास्त रक्कम घेऊन स्वतःहून जा, असा अर्थ. २०१२-१३ च्या सुमाराला 'ओइदाशिबेया' गाजल्या: हाकलण्याच्या खोल्या. माणसाला तिथे बसवून स्वतःची पुढची नोकरी स्वतःच शोधायला लावायचं. हा छळ आहे, याला दुसरा शब्द नाही. शब्द किती गोड आणि कृती किती कोरडी!

अनुवादवेडी
वा, एवढं सगळं! आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ या का? तेइनेनचा दिवस.

हिशेबनीस
येऊ या.
कायदा असा. ६० पेक्षा कमी वयाचं तेइनेन ठेवता येत नाही (खाणीच्या पोटातलं काम वगळून). हे बंधन १९९८ पासून आहे, त्याआधी १९८६ पासून नुसता आग्रह होता आणि त्याही आधी ५५ सर्रास होतं. ६० वर नोकरी संपवली तरी ६५ पर्यंत काम देण्याची सोय करावी लागते आणि मालकाला तीनच वाटा आहेत: तेइनेन ६५ करा, तेइनेन काढूनच टाका किंवा पुढे चालू ठेवण्याची योजना करा. सुमारे दोन तृतीयांश कंपन्या तिसरी वाट धरतात. ७० पर्यंतचा प्रयत्न २०२१ पासून कायद्यात आहे, पण ते कर्तव्य आहे, सक्ती नाही.
तिसरी वाट म्हणजे 'साइकोयो', पुन्हा नोकरीला घेणं. ३१ तारखेला मुदतबाह्य करार संपतो, निवृत्तीची रक्कम ठरते, फुलांचा गुच्छ मिळतो. १ तारखेला तोच माणूस 'शोकुताकु' म्हणून एक वर्षाच्या करारावर हजर. पद गेलेलं, पगार बहुधा बराच कमी, बोनस थोडा किंवा नाहीच. हे वर्षावर्षाने ६५ पर्यंत. अनुवादवेडी, त्याच टेबलाशी बसलेला माणूस या नात्याने बसतो.
हे ६५ का, तेही सांगतो, कारण सगळी गोम तिथे आहे. कामगारांची पगाराशी जोडलेली पेन्शन, 'कोसेइ नेनकिन', आधी ६० ला मिळे. ती टप्प्याटप्प्याने ६५ वर नेली. २ एप्रिल १९६१ ला किंवा नंतर जन्मलेल्या पुरुषांना आणि २ एप्रिल १९६६ ला किंवा नंतर जन्मलेल्या स्त्रियांना ६५ आधी पूर्ण पेन्शन नाही. नोकरी ६० ला संपली आणि पेन्शन ६५ ला, तर मधली पाच वर्षं खायचं काय? म्हणून २०१२ ची दुरुस्ती आली, जो मागेल त्या प्रत्येकाला ठेवा. जुने करार असलेल्या कंपन्यांना कोणाला ठेवायचं ते निवडण्याची सवलत होती, ती ३१ मार्च २०२५ ला संपली.

कलमवाला
हिशेबनीस, एक दुरुस्ती. 'मुदतबाह्य' नव्हे, 'मुदत न घातलेला' करार. अर्थ उलटा होतो.
पगार किती उतरवता येतो यावर दोन निकाल वाचावेत. १ जून २०१८, नागासावा उन्यु: पुन्हा घेतलेले ट्रकचालक, काम तेच, पगार सुमारे वीस टक्क्यांनी कमी. न्यायालयाने बहुतांश फरक मान्य केला, पण पूर्ण हजेरीचा भत्ता नाकारणं अमान्य केलं. का? हजेरीची गरज साठीच्या आधी आणि नंतर सारखीच. म्हणजे प्रत्येक भत्ता कशासाठी आहे हे वेगवेगळं तपासायचं. २० जुलै २०२३, नागोयाची मोटार ड्रायव्हिंग शाळा: खालच्या न्यायालयांनी मूळ पगार ६० टक्क्यांच्या खाली गेला तर ते गैर असं म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण परत पाठवलं, मूळ पगार कशाचा मोबदला आहे ते आधी ठरवा म्हणून. तेव्हा '६० टक्के चालतात' असा नियम कोणी सांगितला तर विश्वास ठेवू नका.

हिशेबनीस
दुरुस्ती मान्य, चूक मोठी होती.
पगार उतरला की सरकारी रोजगार विमा थोडा भार उचलतो. साठीच्या पगाराच्या ७५ टक्क्यांपेक्षा कमी झाला आणि विम्याची पाच वर्षं भरलेली असली, तर नव्या पगाराच्या ठरावीक टक्के रक्कम मिळते. आधी ४ लाख येन होते, आता २ लाख ४० हजार, म्हणजे ६० टक्के. जुन्या नियमात १५ टक्के, म्हणजे महिन्याला ३६,०००. पण १ एप्रिल २०२५ ला किंवा नंतर ६० पूर्ण करणाऱ्यांना कमाल १० टक्केच, म्हणजे २४,०००. अर्ज सहसा कंपनी करते, तरी दर दोन महिन्यांनी झालाय का ते विचारावं.

चहाटळ
आणि कालचा विभागप्रमुख आज आपल्याच हाताखालच्याच्या हाताखाली! हाक काय मारायची?

उंबरठा
आडनावाला 'सान' लावायचं. पदाने हाक मारण्याची रीत होती तिथे खरी पंचाईत होते. म्हणून पुष्कळ कंपन्यांनी सगळ्यांना 'सान'च म्हणा असं ठरवलंय. शिवाय मोठ्या कंपन्यांत 'याकुशोकु तेइनेन' असतं: पदाची निवृत्ती, बहुधा पंचावन्नच्या आसपास. अधिकार तेव्हाच जातो, म्हणजे साठीला धक्का अर्धाच बसतो.

वडाची पारंबी
निवृत्तीच्या रकमेबद्दल, 'ताइशोकुकिन', कोणी लिहाल का? तिच्यावर करच नाही असं ऐकलं.

हिशेबनीस
अर्धवट ऐकलंत. सवलत मोठी आहे, पण ती नोकरीच्या वर्षांवर आहे.
पहिल्या २० वर्षांसाठी दर वर्षाला ४ लाख येन. त्यापुढच्या प्रत्येक वर्षाला ७ लाख. वर्षाचा एक दिवस वर झाला तरी पूर्ण वर्ष धरतात. उरलेल्या रकमेच्या निम्म्यावर कर, तोही पगारात न मिसळता वेगळा.
३८ वर्षं नोकरी, २ कोटी येन मिळाले. सवलत ८० लाख अधिक १८ गुणिले ७ लाख, म्हणजे २ कोटी ६ लाख. कर शून्य.
२५ वर्षं नोकरी, रक्कम तीच. सवलत ८० लाख अधिक ३५ लाख, म्हणजे १ कोटी १५ लाख. उरले ८५ लाख, निम्मे ४२ लाख ५० हजार. त्यावर आयकर ४ लाख ३१ हजारांच्या आसपास आणि रहिवासी कर ४ लाख २५ हजार.
बघा, एकाच कंपनीत टिकणाऱ्याला करखातंच बक्षीस देतं. नोकरी बदलली की वर्षं पुन्हा एकपासून. हमी कुठे लिहिलीय असं विचारलंत ना, ती अशी करकायद्यात लपलेली आहे.
पैसे हाती येण्याआधी आपल्याला कंपनीकडे एक घोषणापत्र भरून द्यावं लागतं. ते राहिलं तर सवलत न धरता सरसकट २०.४२ टक्के कापतात. २ कोटींवर ४० लाख ८४ हजार! विवरणपत्र भरून परत मिळतात, पण फुकटचा घोर.
लहान कंपन्यांत एवढी रक्कम नसते. तिथे 'चूताइक्यो' असते, १९५९ च्या कायद्याने उभी केलेली सामाईक योजना. मालक माणसागणिक महिन्याला ५,००० ते ३०,००० येन भरतो, आणि नोकरी सोडल्यावर योजना पैसे थेट कामगाराला देते. कंपनी बुडाली तरी भरलेले पैसे बुडत नाहीत. पण १२ महिन्यांच्या आत सोडलंत तर हाती काही नाही.

रानजाई
'सगळ्यांना आजन्म नोकरी' हे कधीच खरं नव्हतं, हेही नोंदवायला हवं. मोठ्या कंपन्यांतले कायम पुरुष, हा गाभा. बायकांना लग्न झालं की नोकरी सोडायला लावणारे लेखी नियम होते. सुमितोमो सिमेंटचा नियम तोक्यो जिल्हा न्यायालयाने १९६६ मध्ये रद्द केला. निस्सानमध्ये पुरुषांचं तेइनेन बायकांपेक्षा पाच वर्षांनी जास्त होतं, ते सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये रद्द केलं. म्हणजे 'आजन्म' या शब्दाचा अर्थ बाईसाठी पाच वर्षांनी आखूड होता.
आज पगारी लोकांपैकी तिनात एकाहून जास्त जण कायम नाहीत: कंत्राटी, अर्धवेळ, माणसं पुरवणाऱ्या कंपनीकडून आलेले. नव्वदच्या दशकात जमीन आणि शेअर्सच्या भावांचा फुगा फुटल्यावर कंपन्यांनी जुन्यांना सांभाळलं आणि नवी भरती गोठवली. जपानात भरती दर १ एप्रिलला, ताज्या पदवीधरांची, एकगठ्ठा. नोकरीचं पत्र आदल्या ऑक्टोबरात. ती गाडी ज्यांची चुकली त्या पिढीला 'रोजगाराच्या हिमयुगा'ची पिढी म्हणतात. बापाची नोकरी वाचली ती मुलाच्या नोकरीच्या बदल्यात, हे मला या व्यवस्थेतलं सर्वांत दुखरं सत्य वाटतं.

दगडी पूल
मग आता हे सगळं संपलंच ना? टोयोटाचे अकिओ टोयोदा २०१९ मध्ये म्हणाले होते की शूशिन कोयो टिकवणं अवघड आहे. उद्योगांच्या महासंघाचे अध्यक्षही तेच म्हणाले.

कलमवाला
म्हणाले, पण कलम १६ तिथेच आहे. बदललंय ते काठावर: नफ्यात असतानाही स्वेच्छानिवृत्ती मागवणं, मधल्या वयात बाहेरून माणसं घेणं. आणि उलट्या दिशेने, २०१३ पासून मुदतीचे करार एकाच मालकाकडे पाच वर्षांच्या वर गेले तर कामगाराला मुदत न घातलेला करार मागता येतो. मालकाला नाही म्हणता येत नाही. मध्ये सहा महिन्यांचा खंड पडला तर मोजणी पुन्हा शून्यापासून, आणि काही मालक हा खंड मुद्दाम पाडतात.
गंमत म्हणजे शोकुताकुची वर्षं ६० ते ६५ मोजली आणि पुढेही ठेवलं तर त्यालाही हा हक्क मिळतो. मग त्याला तेइनेन कुठलं? म्हणून कंपन्या कामगार खात्याकडे योजना मंजूर करून घेतात, तेइनेननंतर त्याच मालकाकडे असलेल्यांना हा नियम लागू होऊ नये म्हणून. मंजुरी घ्यायची राहिली तर ७२ वर्षांचा कायम नोकर, तोही तेइनेन नसलेला. तेव्हा खराखुरा शूशिन कोयो घडतो!

निशिकासाईकर
आपल्याकडून गेलेल्यांसाठी थोडं. तोक्योच्या एदोगावा भागात, निशिकासाईला, भारतीय आयटीवाले भरपूर, त्यांत पुण्याचेही. नेहमीचा प्रश्न: परतताना पेन्शनचे पैसे काढायचे का?
१. कोसेइ नेनकिनचा हप्ता पगाराच्या १८.३ टक्के, निम्मा मालक भरतो.
२. सहा महिने किंवा जास्त भरले असतील तर जपान सोडल्यावर दोन वर्षांच्या आत एकरकमी परतावा मागता येतो. हिशेब कमाल ६० महिन्यांचाच. आठ वर्षं भरलेल्याने तो घेतला तर वरची तीन वर्षं वाया.
३. १० वर्षं पूर्ण असतील तर परतावा मिळतच नाही, म्हातारपणची पेन्शनच मिळते. ही अट ऑगस्ट २०१७ पर्यंत २५ वर्षांची होती.
४. परताव्यातून २०.४२ टक्के कर कापतात. निघण्याआधी जपानात कोणाला तरी कर प्रतिनिधी नेमून त्याचा कागद कर कार्यालयात दिला असेल तर तो बहुतांश परत मिळतो. घाईत हेच राहतं.
५. भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे. दोन्ही देशांतली वर्षं पात्रतेसाठी जोडता येतात. मात्र परतावा घेतला की जपानची ती वर्षं पुसली जातात, जोडायला काही उरत नाही. भारतातल्या कंपनीने पाच वर्षांपर्यंत पाठवलेल्याला भविष्यनिर्वाह निधी कार्यालयाचं प्रमाणपत्र दाखवलं तर जपानात हप्ताच नाही.

वडाची पारंबी
पाचवा मुद्दा सोन्यासारखा. आणि जपानी माणसाला निवृत्तीनंतर पहिल्या वर्षी काय जड जातं?

हिशेबनीस
रहिवासी कर. तो आदल्या वर्षाच्या उत्पन्नावर लागतो. पगार बंद, पण जूनमध्ये गेल्या वर्षीच्या पूर्ण पगारावरची नोटीस दारात. बाजूला पैसे ठेवायलाच हवेत.
दुसरं, आरोग्य विमा. कंपनीचाच विमा दोन वर्षं चालू ठेवता येतो, पण अर्ज २० दिवसांत, आणि मालकाचा वाटाही आपणच भरायचा. नगरपालिकेचा विमाही आदल्या वर्षाच्या उत्पन्नावर, म्हणून पहिल्या वर्षी तो बहुधा महाग आणि दुसऱ्या वर्षी स्वस्त. दोन्हींचे आकडे आधी मागवून बघावेत.
तिसरं, बायकोची पेन्शन. नोकरदाराची ६० च्या आतली, त्याच्यावर अवलंबून असलेली बायको स्वतः हप्ता भरत नाही. नवऱ्याने नोकरी सोडली की तिने १४ दिवसांत नगरपालिकेत नोंद बदलायची आणि स्वतः भरायचं, २०२५-२६ मध्ये महिन्याला १७,५१० येन. पुष्कळांना कळत नाही ते हे: नवरा नोकरीत राहिला तरी तो ६५ चा झाला की तिची सवलत संपते.
६५ नंतर काम करणाऱ्याचा पगार आणि कोसेइ पेन्शन मिळून महिन्याला ५ लाख १० हजारांच्या वर गेली (२०२५-२६ चा आकडा), तर वरच्या रकमेच्या निम्मी पेन्शन कापतात. पगार साडेचार लाख, पेन्शन १ लाख २० हजार: ६० हजार वर, ३० हजार कापले. एप्रिल २०२६ पासून ही मर्यादा सहा लाखांच्या पुढे गेली, त्यामुळे या उदाहरणात कपात उरत नाही. मूळ राष्ट्रीय पेन्शन कधीच कापत नाहीत.
पेन्शन उशिरा घेतली तर महिन्याला ०.७ टक्के वाढते, ७५ पर्यंत थांबलं तर ८४ टक्के. ६० ला घेतली तर २४ टक्के कमी, तीही जन्मभर.

उंबरठा
घरातल्या बाजूचाही एक शब्द: 'नुरे-ओचिबा', ओलं गळलेलं पान. झाडूला चिकटतं, झटकलं तरी सुटत नाही. निवृत्त होऊन बायकोच्या मागे मागे फिरणाऱ्या नवऱ्याला म्हणतात. चाळीस वर्षं घरी जेवायलाही नसलेल्या माणसाला घरात स्वतःची जागा नसते, यात हसण्यापेक्षा रडण्यासारखं जास्त आहे. एप्रिल २००७ पासून घटस्फोटात कोसेइ पेन्शनची नोंद वाटून घेता येते.
बाहेर पडायला 'शिल्व्हर जिनझाइ सेंटर' आहेत. १९७५ मध्ये तोक्योत सुरुवात झाली. साठीपुढच्यांना सायकलतळ सांभाळणं, झाडांची छाटणी, सरकत्या दारांना कागद लावणं अशी कामं. महिन्याला साधारण दहा दिवस. मजुरी म्हणून नव्हे, वाटणी म्हणून पैसे.

वडाची पारंबी
निवृत्तीनंतरच्या बेकारी भत्त्याबद्दल वाचलं की ६५ आधी नोकरी सोडली तर जास्त मिळतो. म्हणजे वाढदिवसाच्या आदल्या दिवशी सोडायची, बरोबर?

अनुवादवेडी
कोणी तज्ज्ञ सांगतीलच. तोवर माझं भाषांतर. 'आजन्म नोकरी' बाद. 'न काढण्याची नोकरी' लिहून पाहिलं, पण कलमवाला म्हणतील कायद्यात तसं नाही.

कलमवाला
नाही म्हणणार, उलट जवळ आलात. काढता येत नाही म्हणूनच तेइनेन लागतं. मालकाला भांडण न करता, कारण न देता नातं संपवायचा तो एकच दिवस आहे. म्हणून कंपन्या तेइनेन काढून टाकायला तयार नसतात आणि साठ धरून पुढे वर्षावर्षाचे करार करतात. तुम्हाला विसंगत वाटले ते दोन शब्द एकाच दोरीची दोन टोकं आहेत. मी 'तेइनेनपर्यंतची नोकरी' लिहीन.

रानजाई
माझं मत 'हमीची नोकरी'ला. 'कायम नोकरी' नको. आपल्याकडे कायम म्हटलं की पद आणि काम डोळ्यांपुढे येतं. तिथे काम, गाव, पद काहीच कायम नाही. फक्त कंपनी.

अनुवादवेडी
मग 'तेइनेनपर्यंत हमीची नोकरी', आणि शोकुताकु हा 'निवृत्तीनंतरचा वार्षिक करारी'. दोघांचेही आभार.

हिशेबनीस
वडाची पारंबी, आदल्या दिवशी सोडलीत तर नुकसान होईल. जपानी कायद्यात वय वाढदिवसाच्या आदल्या दिवशीच पूर्ण होतं. म्हणून शेवटचा दिवस वाढदिवसाच्या दोन दिवस आधी हवा. वाढदिवस १० जूनला असेल तर ८ जून. विमा २० वर्षं भरलेल्याला ८ ला सोडल्यास १५० दिवसांचा भत्ता, ९ ला सोडल्यास ५० दिवसांचा, तोही एकरकमी. पण दोन गोष्टी आधी कंपनीत विचाराव्यात: करार संपायच्या आधी गेल्याने निवृत्तीच्या रकमेत कपात होते का, आणि नोंद 'स्वतःहून सोडली' अशी पडणार का. तशी पडली तर भत्ता सुरू व्हायला सात दिवसांवर आणखी एक महिना जातो.